‘नो सिग्नल’ आणि एक खोडरबर



आज पाठ टाचण नाही, आमच्या शाळेतल्या संगणकाची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या शाळेत मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येऊन संगणक महिनोन्‌महिने फडक्याखाली झाकलेला आहे, हे मला ठाऊक आहे. शिक्षण परिषदेला भेटतो तेव्हा चहाच्या वेळी आपण हेच तर बोलतो! त्यांना यातून काहीतरी हाताला लागेल. बाकीचं जे आहे ते माझ्या चुकीचं आहे, तेही लिहिते.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली, वाडीवरची, दोनशिक्षकी. खोली कौलारू. आषाढात भिंतींना अशी ओल धरते की खडूसुद्धा मऊ पडतात आणि फळ्यावर उमटत नाहीत. संगणक एकच. तो वाडीच्या मुंबईकर मंडळानं दिलेला, तिथल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. जुना आहे, पण मुलांच्या दृष्टीनं राजा आहे. त्यावर चित्रं काढायची, आपलं नाव मराठीत टाइप करायचं, यासाठी भिंतीवर पाळीची यादी लावलेली आहे आणि त्या यादीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी खेळाच्या तासालाही होत नाहीत.

यंदाच्या जुलैतला एक मंगळवार. मोठ्या सुट्टीत चौथीतल्या एका मुलाची पाळी होती. (नाव लिहीत नाही.) लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली असल्यामुळे संगणक धाडकन बंद. दहा-बारा मिनिटांनी लाईट आली. मी शेजारच्या खोलीत पोषण आहाराची नोंद करत होते. वर्गात शिरले तर हा मुलगा उभा, बोट सीपीयूच्या बटणावर, आणि मॉनिटरवर एका छोट्या चौकटीत इंग्रजी अक्षरं फिरतायत, ‘नो सिग्नल’. चार-पाच सेकंदांत तीही गेली. स्क्रीन काळीकुट्ट.

“काय केलंस रे?”

माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हे. “काय झालं?” असं मी विचारलं नाही.

मी काही ओरडले नाही. शिक्षा तर नाहीच. दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली, “राहू दे आता” म्हणून फडकं टाकलं आणि गणिताचा तास सुरू केला. पण वर्गाला जे कळायचं ते कळलं होतं. सुट्टी संपायच्या आत दुसरीतल्या पोरांपर्यंत बातमी गेली की ह्यानं कंप्युटर बिघडवला.

तालुक्याच्या गावी एक दुरुस्तीवाला आहे, त्याला फोन केला. न बघताच तो म्हणाला, “मॅडम, बोर्ड गेला असेल. दोन-अडीच हजारांवर जाईल. एवढ्या जुन्याला खर्च कशाला करता?” आमचे मुख्याध्यापक गुरुजी काळजीत, कारण गणपतीला मंडळाची माणसं गावी येणार आणि पहिल्यांदा संगणक कुठाय विचारणार. मी डेडस्टॉक रजिस्टर काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘नादुरुस्त’ लिहूनही टाकलं. एकदा हा शब्द पडला की पुढची पायरी निर्लेखन, हे आपल्याला माहीतच आहे.

गुरुवारी सकाळी त्या मुलाची आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. लावणी चालू होती, चिखलाचे पाय. आत येईना. मीच बाहेर गेले.

“बाई, पोरानं मशीन मोडल्यान म्हणे. किती भरायचे?”

हातात पाचशेची नोट होती, चार घड्या घातलेली.

मी म्हटलं, “अहो ताई, नाही. असं कुणी सांगितलं? काय बिघडलंय तेच अजून बघितलेलं नाही आम्ही.”

ती म्हणाली, “मग पोरगा दोन दिस जेवत का नाय?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला समजावून नोट परत घ्यायला लावली. ती गेली आणि मी पायरीवरच थांबले. डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात चांगले मार्क होते हो मला.

आणि मी तिला सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. काय बिघडलंय ते कुणी बघितलेलंच नव्हतं. दुकानदारानं निदान केलं फोनवर, गुरुजींनी काळजी केली, मी रजिस्टर भरलं, पोरांनी आरोपी ठरवला. यंत्राकडे कुणी गेलंच नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. तिसरी-चौथी एकत्र बसवली आणि फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला लिहिलं ‘काय चालू आहे?’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कुणावर संशय आहे?’ संशयाची बाजू भराभर भरली. उंदीर. मुंग्या. वीज पडली. पाणी गेलं. वायर तुटली. टीव्ही मेला (मुलं मॉनिटरला टीव्हीच म्हणतात). शेवटी तिसरीतली एक मुलगी उभी राहिली आणि त्या मुलाकडे बोट करून म्हणाली, “बाई, ह्यानं बटण दाबलं.” वर्ग गप्प. मी तेही लिहिलं, जसंच्या तसं. वगळलं असतं तर ते फळ्यावर नसतं, पण मुलांच्या डोक्यात राहिलंच असतं. मग म्हटलं, आता एकेकाची चौकशी. ज्याचा दोष नाही त्याच्यावर काट मारायची.

इथून पुढे जे केलं ते तुम्हीही करू शकता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ‘नो सिग्नल’ ही वाईट बातमी नाही. ही अक्षरं संगणक लिहीत नाही, मॉनिटर स्वतः लिहितो. म्हणजे मॉनिटरला वीज मिळतेय, त्याचा पडदा चांगला आहे, मागचा उजेड चांगला आहे. तो सांगतोय की मी जागा आहे, पण मला कुणी चित्रच पाठवत नाही. (इथे मुलांवर रूपक करायचा मोह होतोय, तो आवरते.) थोडा वेळ वाट बघून तो झोपी जातो आणि बहुतेक मॉनिटरांचा दिवा त्या वेळी रंग बदलतो किंवा लुकलुकू लागतो. आपण नेमकं त्या झोपेच्या वेळी बघतो आणि ‘मॉनिटर उडाला’ म्हणतो. खात्री करायची असेल तर मॉनिटरचं बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. अक्षरं परत आली की झालं. आम्ही तसं केलं. अक्षरं आली. ‘टीव्ही मेला’वर काट. डाव्या बाजूला पहिली नोंद, ‘मॉनिटर जिवंत आहे’.

यानंतर मॉनिटरच्या मागे किती तोंडं आहेत ते बघा. आमच्याला एकच आहे, निळं, व्हीजीए. पण नव्या मॉनिटरना व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन असतात आणि मॉनिटर एका वेळी एकाच दाराशी कान लावून बसतो. केबल व्हीजीएला आणि तो ऐकतोय एचडीएमआयला, असं झालं की नो सिग्नल. पुसताना खालचं एखादं बटण दाबलं गेलं तरी हे होतं. ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ लिहिलेल्या बटणानं दार बदलता येतं. माझ्या एका मैत्रिणीच्या शाळेत मॉनिटर अख्खं सत्र बंद होता, आणि बिघाड एवढाच!

दुसरा तसलाच घोटाळा सीपीयूच्या मागे होतो. काही संगणकांत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असतं. मग मागे चित्राची दोन ठिकाणं दिसतात, एक वर, यूएसबीच्या खाचांजवळ, आणि दुसरं खाली आडव्या पट्टीत. कार्ड असेल तर केबल खालच्या कार्डालाच लावायची, कारण बहुतेक वेळा वरचं तोंड त्या वेळी बंद असतं. रंगरंगोटीसाठी संगणक हलवला आणि परत जोडल्यावर दिसेना, अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

आता बटण. मी त्या मुलाला म्हटलं, “ये, दाब.” तो पट्टीवरून उठला नाही. मग मीच दाबलं. सीपीयूचा पंखा फिरला, दिवा लागला. सात-आठ सेकंद दाबून धरलं, बंद झाला. परत दाबलं, परत फिरला. मुलांना विचारलं, “बटणाचं काम काय?” “चालू करायचं.” “मग ते करतंय का?” “करतंय.” ज्या मुलीनं बोट दाखवलं होतं तिच्याच हातात खडू दिला. तिनं ‘ह्यानं बटण दाबलं’ यावर काट मारली, चांगली दोनदा, जाड. तो काही बोलला नाही. पण थोड्या वेळानं बघितलं तर शेवटच्या पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर येऊन बसला होता.

पुढची पाळी केबलची. व्हीजीएची जोडणी आयबीएमनं १९८७ साली आणली, म्हणजे ती माझ्या वयाचीच म्हणा ना. तिच्या टोकाला पाच-पाचच्या तीन ओळी, एकूण १५ टाचण्यांची जागा. मुलांना मोजायला लावलं तर १४ च भरल्या आणि सगळे ओरडले, “बाई, एक तुटली!” मलाही क्षणभर वाटलं. पण मधल्या ओळीतली ९ नंबरची टाचणी पुष्कळ केबलना मुळातच नसते. तो दोष नव्हे. बघायचं ते हे, की एखादी टाचणी वाकलीय का, आत ढकलली गेलीय का.

मुलांना आणि मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. या टाचण्यांनी कामं वाटून घेतलेली आहेत. १ नंबर लाल रंग नेते, २ नंबर हिरवा, ३ नंबर निळा. १३ आणि १४ नंबर रंग नेत नाहीत, त्या ओळ कुठे सुरू करायची आणि पान कुठे सुरू करायचं याचा ताल देतात. म्हणून निळ्याची टाचणी तुटली तर चित्र जात नाही, पिवळं पडतं. लालची तुटली तर निळसर-हिरवं दिसतं. पण ताल देणाऱ्या टाचण्यांचा संपर्क गेला की मॉनिटरला काहीच समजत नाही आणि तो ‘नो सिग्नल’ म्हणतो. तेव्हा स्क्रीन पिवळी किंवा गुलाबी दिसणाऱ्या शाळांनो, तुमचा संगणक बिघडलेला नाही, केबल तपासा. आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हातानं घट्ट करा. ते स्क्रू न पिळल्यामुळे जेवढे संगणक ‘बिघडले’ आहेत त्याला गणती नसेल.

आमची केबल दिसायला ठीक होती, पण दिसायला ठीक म्हणजे ठीक नव्हे. मी घरून माझा जुना लॅपटॉप नेला होता, त्याला अजून ती निळी खाच आहे. तीच केबल, तोच मॉनिटर, फक्त सीपीयूच्या जागी लॅपटॉप. विंडोजचं बटण धरून ‘पी’ दाबलं, ‘डुप्लिकेट’ निवडलं. मॉनिटरवर माझ्या लॅपटॉपचा आंबोलीच्या धबधब्याचा फोटो झळकला आणि वर्गात टाळ्या पडल्या. (प्रोजेक्टरवर ‘नो सिग्नल’ आला तरी हीच दोन बटणं आधी दाबून बघत जा. प्रशिक्षणात निम्मा वेळ याच्यातच जातो.)

ही एक अदलाबदल फार मोलाची आहे. तिच्यामुळे एका दमात मॉनिटर आणि केबल दोघंही सुटले. लॅपटॉप नसेल तर उलटं करा, दुसऱ्याचा चालू मॉनिटर किंवा टीव्ही आपल्या सीपीयूला लावा. फक्त एक ध्यानात ठेवा, व्हीजीए आणि एचडीएमआय यांची भाषा वेगळी आहे. त्यांच्यामध्ये नुसती वायर चालत नाही, भाषांतर करणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तोही एकाच दिशेनं चालतो. एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर उलटा लावला तर पुन्हा नो सिग्नल.

राहिला सीपीयू. “बाई, पंखा फिरतोय म्हणजे तो चालू आहे,” असं दोघा-तिघांनी सांगितलं. मोठ्यांनाही हेच वाटतं. पण पंखा फिरतो याचा अर्थ फक्त वीज पोचतेय एवढाच. घरात पंखा चालू आहे म्हणजे माणूस जागा आहे असं नाही. याची सोपी परीक्षा कीबोर्डवर आहे. ‘कॅप्स लॉक’ दाबा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर संगणक आत जागा आहे, फक्त चित्र बाहेर येत नाही. दिवा मख्ख राहिला तर तो जागाच झालेला नाही. आमचा मख्ख राहिला.

हे का होतं ते मुलांना असं सांगितलं. शाळा भरल्यावर आपण आधी हजेरी घेतो ना? संगणकही बटण दाबल्याबरोबर आधी आपल्या भागांची हजेरी घेतो. रॅम म्हणजे त्याची पाटी, ज्यावर तो काम करताना सगळं लिहितो. हजेरीत पाटीच नाही असं आढळलं तर तो तिथेच अडतो, चित्र पाठवण्यापर्यंत पोचतच नाही. काही संगणक अशा वेळी ‘बीप बीप’ करून सांगतात. आमच्यात तो छोटा स्पीकरच नाही, म्हणून मुका.

आता उघडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, पालकांनी मुलांनाही सांगावी. जुना, डब्यासारखा मोठा मॉनिटर कधीही, कुणीही उघडायचा नाही. सीपीयूच्या आत मागच्या बाजूला जो बंद धातूचा डबा असतो, ज्याला पॉवर केबल लागते, तोही उघडायचा नाही. वीज काढल्यावरसुद्धा त्यांच्या आत जोराचा झटका बसेल एवढी वीज साठून राहते. आपलं काम फक्त रॅमच्या पट्टीपुरतं.

मी सीपीयूची पॉवर केबल भिंतीतून आणि मागून काढली. मग बटण पाच-दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. मुलांना दोन हात लांब बसवलं. बाजूचं पान काढण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावला, अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून. पान काढलं तर आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि एक मेलेलं झुरळ. उंदीर नव्हता, मुंग्या नव्हत्या, पाणी नव्हतं. तीन काटा एकदम.

रॅमची पट्टी ओळखायला सोपी आहे. वीतभरापेक्षा लहान, उभी खोचलेली, दोन्ही टोकांना चिमटे. चिमटे बाहेर ढकलले की ती सुटते. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. आमच्या पट्टीचे सोनेरी दात सोनेरी राहिलेच नव्हते, काळपट झाले होते. कोकणातली हवा, चार महिने ओल, बंद खोली. दुसरं काय होणार?

“कुणाकडे खोडरबर आहे? पांढरा, मऊ. पेनाची शाई खोडायचा खरखरीत निळा नको.”

बरेच हात वर झाले. पण त्या मुलानं हात वर केलाच नाही, तो सरळ उठून आला आणि खोडरबर माझ्या टेबलावर ठेवून उभा राहिला. नवाच होता, कागदी वेष्टन अजून अर्धं तसंच. आईनं कंपासपेटीबरोबर घेतलेला असणार.

पट्टी कडेनं धरून, दातांना बोट न लावता, हळूच एकाच दिशेनं घासली. दोन्ही बाजू. खोडरबराच्या टोकाला काळा रंग आला आणि दात चमकायला लागले. चुरा सीपीयूपासून लांब जाऊन कोरड्या ब्रशनं झटकला, आत पडू दिला नाही. (जाणकार दुरुस्तीवाले खोडरबराला नाक मुरडतात, कारण वरचा मुलामा फार पातळ असतो आणि दर वेळी थोडा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड चांगलं, असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबर आहे. वाडीवर शनिवारी सकाळी माझ्याकडे खोडरबर होता.) पट्टी बसवताना तिच्या कडेची खाच खोबणीतल्या उंचवट्यावर आणायची. ती एकाच बाजूनं बसते. डीडीआर-२, डीडीआर-३ अशा निरनिराळ्या पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणून दुसऱ्या संगणकातली पट्टी बसत नसेल तर जोर करू नका. बसली की दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा. चिमटे आपोआप ‘टक्’ करून मिटतात.

पान लावलं, केबल लावल्या, पॉवर लावली. “आता कोण दाबणार?”

कुणी काही बोललं नाही. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्यानं पँटला हात पुसला आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. सात-आठ सेकंद काही नाही. मला वाटलं, आता काय तोंड दाखवू. आणि मग काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. वाचली तर काय, तो चुकीचा संदेश होता! तारीख-वेळ हरवली आहे, पुढे जायला एफ-१ दाबा. पण कुणाला पर्वा? अक्षरं आली होती. बिघाडाची सूचना वाचून इतका आनंदी झालेला वर्ग मी कधी पाहिला नव्हता. शेजारच्या खोलीतून गुरुजी धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला.

फळ्याकडे वळून मी म्हटलं, “तर मग दोष कुणाचा? ओलीचा.” आणि तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिला. तेव्हा मागून आवाज आला, चार दिवसांत पहिल्यांदाच.

“बाई, तुम्ही पण सीपीयू ओढलात ना सोमवारी? भिंतीला पाणी आलं म्हणून.”

ओढला होता. साफ विसरले होते. छपरातून पागोळी आत आली म्हणून सोमवारी संध्याकाळी मी टेबलासकट सगळं फरफटत अलीकडे आणलं होतं. काळवंडलेली पट्टी त्या हिसक्यानं जागेवरून केसभर हलली असेल, मंगळवारी सकाळी कशीबशी चालली असेल, आणि लाईट जाऊन पुन्हा हजेरी घ्यायची वेळ आली तेव्हा सापडली नसेल. असं झालं असेल किंवा नसेलही. सिद्ध करता येत नाही. पण काटही मारता येत नाही. मी ‘ओल’च्या खाली लिहिलं, ‘बाईंनी सीपीयू ओढला’. मुलं खूश. सोमवारपर्यंत ते पुसू नका म्हणाली. मी पुसलं नाही.

शाळा सुटल्यावर त्या मुलाबरोबर त्याच्या घरापर्यंत गेले. आई पडवीत भात निवडत होती. तिला सांगितलं की काही मोडलं नव्हतं, आणि झालंच असेल तर माझ्याकडून झालं, मी ओढलं होतं ते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पोराकडे.

“मग बाई, तुम्ही किती भरलात?”

आणि जी हसायला लागली. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

रजिस्टरमधला पेन्सिलीचा शेरा खोडला. दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये. संगणकाच्या खोलीत आता सीपीयू जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर आहे, भिंतीपासून हातभर लांब, आणि पावसाळ्यात वापर असो-नसो, रोज अर्धा तास चालू ठेवतो. त्याच्या स्वतःच्या उबेनं आतली ओल कमी राहते.

तारखेचं मात्र राहिलंय. बोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, ताकद ३ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ तोच चालवतो. आमचा संपलाय. आम्ही रोज संध्याकाळी मेन बंद करतो, त्यामुळे सकाळी संगणकाला आपण कुठल्या साली आहोत हेच आठवत नाही, आणि तारीख चुकलेली असली की इंटरनेटवरच्या बऱ्याच साइट उघडत नाहीत. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मी तो बाजारातून आणला, त्याला आता दोन आठवडे होतील. टेबलाच्या खणात आहे.

बसवायला पाच मिनिटं लागतील. पण सध्या काय होतं, घंटेच्या आधी तो मुलगा येतो, मेन लावतो, बटण दाबतो, एफ-१ दाबतो आणि दारातून मला ओरडून विचारतो, “बाई, आज तारीख किती?”

बसवीन. गणपतीच्या सुट्टीनंतर बघू.